न आलेल्या बाळांचं वजन

“निळं वाचत जा,” अन्वर मला म्हणाला होता. बाळंतपणाच्या रजेवरून मी परत आले तो पहिलाच दिवस. माझी खुर्ची कुणीतरी पळवली होती आणि मी पँट्रीतल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून पासवर्ड आठवत होते.

मी हसले. “निळं कोण वाचतं?”

“कोणीच नाही. म्हणून तर सांगतोय.”

आकडेवारीचा प्रोग्रॅम चालवला की पडद्यावर त्याचा लॉग उमटतो. आपण काय काय केलं, याची प्रोग्रॅमनं स्वतःच सांगितलेली हकीकत. लाल ओळ आली तर काम अडलं. हिरवी आली तर जरा जपून. आणि निळी म्हणजे नुसती टीप, अमुक ओळी वाचल्या, तमुक लिहिल्या. निळ्या ओळी ढिगानं येतात. घरातल्या म्हाताऱ्यांसारख्या त्या सतत काहीतरी सांगत असतात, आणि आपण ‘हो हो’ म्हणत पुढं जातो.

माझ्या घरी म्हातारं माणूस एकच होतं, माझे सासरे, आप्पा. नवरा कामासाठी चेन्नईला. आठ महिन्यांच्या बकुळला दिवसभर आप्पाच सांभाळायचे आणि तिची इत्थंभूत बातमी मला फोनवर द्यायचे.

“केतकी, अगं, आत्ता शी झाली. हिरवट आहे. फोटो पाठवू?”

“नको आप्पा, मी मीटिंगमध्ये आहे.”

फोटो यायचाच. हर्षल सर क्लायंटला आमच्या ‘गुणवत्तेच्या प्रवासा’बद्दल सांगत असायचे आणि टेबलाखाली माझ्या फोनवर ती हिरवट बातमी उजळायची. दोन्हींमधलं जास्त खरं काय होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

हर्षल गुजराथी आमच्या गटाचे प्रमुख. आमची कंपनी पुण्यात बाणेरला, औषधं आणि खाद्यपदार्थ तयार करणाऱ्यांच्या चाचण्यांची आकडेमोड करून देणारी. तेव्हा आमच्याकडं सोलापूरचा अभ्यास चालू होता. सहा महिन्यांवरच्या बाळांना एका कंपनीची पौष्टिक पावडर द्यायची, दर महिन्याला केंद्रावर बोलावून वजन करायचं आणि ती वाढतात का ते बघायचं. त्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर दोन वर्षांनी मिळणार होतं. पण दर महिन्याला आमच्याकडून एक छोटी यादी सोलापूरला जायची. ज्या बाळाचं वजन दोन महिने सलग थांबलं किंवा घटलं, त्याचा नंबर यादीत. जे लागोपाठ दोन महिने आलंच नाही, त्याचाही नंबर यादीत. नंबर आला की तिथल्या श्रीलता सिस्टर त्या घरी जाऊन बाळाला बघून यायच्या. नंबर नाही आला, तर नाही जायच्या. कसल्याशा पावडरीच्या अभ्यासात खरं उपयोगाचं काम तेवढं एकच होतं.

आम्हाला बाळांची नावं माहीत नसायची. नियमच तसा. केंद्राचा नंबर, बाळाचा नंबर, जन्मतारीख, मुलगा की मुलगी, संपलं.

मे महिन्यात आमच्या सॉफ्टवेअरची नववी आवृत्ती आली. सॉफ्टवेअरचं नाव स्टॅटोरा. त्यांच्याकडून अद्वैत नावाचा एक मुलगा ओळख करून द्यायला आला. मे महिन्यात जॅकेट घालून. असा माणूस हवामानाचंच ऐकत नाही, तो तुमचं काय ऐकणार!

“आजपासून,” त्यानं हवेत हात फिरवला, “रिकाम्या जागा हा इतिहास आहे, गाइज!”

रिकामी जागा म्हणजे जिथं आकडा मिळालाच नाही ती चौकट. बाळ आलं नाही, वजन झालं नाही, चौकट कोरी. पूर्वी त्या कोऱ्या चौकटीचं काय करायचं ते आम्हाला ठरवावं लागे, आणि का ठरवलं ते लिहून द्यावं लागे. आता म्हणे ‘स्मार्ट पूर्ती’ आली होती. आजूबाजूच्या आकड्यांचा कल बघून सॉफ्टवेअर ती चौकट आपणहून भरणार.

“आणि हे बाय डिफॉल्ट चालू आहे,” अद्वैत म्हणाला. लग्नात आहेर जाहीर करतात त्या सुरात.

अन्वर मुजावर मिरजेचा. त्याला सभ्यपणे गप्प बसायची सवय नव्हती. त्यानं हात वर केला. “बंद कसं करायचं?”

“बंद?” अद्वैत हसला. “पण बंद का करायचंय?”

सगळे हसले. हर्षल सर सगळ्यांत मोठ्यानं. “अन्वर अजून फोन पण बटणाचाच वापरतो,” ते म्हणाले.

“बटणाचा फोन वाजला नाही तर वाजला नाही असंच दाखवतो, सर,” अन्वर म्हणाला. पण तोवर अद्वैत पुढच्या स्लाइडवर गेला होता.

पुढची स्लाइड मदतीची होती, आणि मदतीचा नुसता पूर आला होता. छोटे व्हिडिओ होते, मोठे व्हिडिओ होते, व्हिडिओ कसे बघावेत याचाही एक व्हिडिओ होता. शिकायच्या पायऱ्या होत्या, पायरी चढली की बिल्ला मिळणार होता. सरावासाठी नमुन्याचा डेटा होता. जगभरच्या वापरणाऱ्यांचा एक चव्हाटा होता, तिथं कुणी अडचण मांडली की बाकीचे ‘मलाही हेच होतंय’ असं लिहून निघून जायचे. आणि या सगळ्यावर नोरा होती. पडद्याच्या कोपऱ्यात कानाला हेडफोन लावून हसणारं बाईचं चित्र. तिला काहीही विचारा, ती तयार प्रोग्रॅम लिहून देणार. मदतनीस काढायचा म्हटलं की बाईच काढायची, हे मात्र कुठल्याही आवृत्तीत बदलत नाही.

आमच्या धंद्याचं एक सोवळं आहे, ते इथं सांगायला हवं. कुठलाही महत्त्वाचा आकडा दोघं जण वेगवेगळे काढतात. एकानं मुख्य प्रोग्रॅम लिहायचा, दुसऱ्यानं तपासणीचा, एकमेकांचं बिलकुल न बघता. मग दोन्ही उत्तरं ताडून बघायची. जुळली तर बरोबर. सोलापूरच्या यादीचा मुख्य प्रोग्रॅम अन्वरचा, तपासणीचा माझा. आम्ही हे इतकं काटेकोर पाळायचो की एकमेकांचे पडदे दिसू नयेत म्हणून टेबलं पाठीला पाठ लावली होती. चहाला एकत्र जायचो, पण यादीबद्दल अवाक्षर नाही.

नवी आवृत्ती आली आणि आमचे दोघांचेही जुने प्रोग्रॅम लाल झाले. यादी दुसऱ्या दिवशी जायची होती. बकुळला ताप होता आणि आप्पांचे फोन चालू होते. मी नोराला विचारलं. तिनं क्षणात दहा ओळी लिहून दिल्या, खाली एक हसरा चेहरा. मी त्या उचलल्या, चिकटवल्या, चालवल्या. लाल काही नाही. हिरवं काही नाही.

माझ्या पाठीमागं, पाठीला पाठ लावून, अन्वरनंही नोरालाच विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही उत्तरं ताडून बघितली. फरक शून्य. आणि यादी कोरी.

“कोरी!” हर्षल सर आमच्या टेबलापाशी येऊन म्हणाले. “पहिल्यांदाच! एकही बाळ धोक्यात नाही. दोघांचं जुळलं ना?”

“तंतोतंत, सर.”

त्यांनी सगळ्यांसाठी पॅटिस मागवले. पुढच्या महिन्यात यादी पुन्हा कोरी. क्लायंटच्या मेलमध्ये टाळ्या वाजवणारे हात आले. तिसऱ्या महिन्यात कोरी यादी ही आमची कामगिरी झाली होती. हर्षल सर ती जिथं तिथं सांगत सुटले. सोलापुरातली बाळं जणू त्यांनीच मांडीवर घेऊन भरवली होती.

ऑगस्टमध्ये क्लायंट पुण्याला यायचा होता. हर्षल सरांनी मला बोलावलं.

“केतकी, सहा बाळांचे ग्राफ काढ. वजन चढत जाणाऱ्या रेषा. छान दिसल्या पाहिजेत. वेड्यावाकड्या नकोत. हातात बाळ असलेल्या बाईनं निवडलेलं जरा वेगळंच, नाही का?”

माझ्या हातात बाळ नव्हतं, त्यांचीच कामं होती. पण मी बरं म्हटलं आणि सगळ्या बाळांच्या रेषा पडद्यावर मांडून एकेक बघू लागले.

तेवढ्यात आप्पांचा फोन. आवाज दबका.

“डॉक्टरकडं जाऊन आलो. घाबरू नकोस. वजन दीडशे ग्रॅमनं कमी झालंय.”

“दीडशे? का? कालचा भात खाल्ला होता ना? आप्पा, तुम्ही पेज पातळ करता का?”

“अगं, दात येतायत तिला. जुलाब झाले चार. डॉक्टर म्हणाले, पुढच्या महिन्यात भरून निघेल. वाढेल, घटेल, बाळ आहे ते.”

“काट्यावर दुपटं धरून ठेवलं होतं का त्यांनी? मागच्या वेळी दुपट्यासकट केलं असेल.”

“केतकी,” आप्पा म्हणाले, “तू जेवलीस का?”

फोन ठेवला. घरी फ्रिजवर बकुळच्या वजनाचा तक्ता मी चिकटवला होता, तो डोळ्यांसमोर आला. त्यातली रेषा कधी सरळ गेलीच नव्हती. लस टोचली की बसायची, सर्दी झाली की लोळायची, आजोळी जाऊन आली की टुणकन वर. प्रत्येक खड्डा मला पाठ होता, कारण प्रत्येक खड्ड्यात मी पडले होते.

आणि इथं पडद्यावर चौथ्या केंद्राचं सतरा नंबरचं बाळ. मुलगी. जन्म बकुळच्याच महिन्यातला. पहिले दोन महिने रेषा अडखळत गेलेली, आणि मग एखाद्या नव्या रस्त्यासारखी गुळगुळीत, वर, वर, वर. तिला सर्दी झालीच नव्हती. दात आलेच नव्हते. ऐन पावसाळ्यात तिला एक जुलाब झाला नव्हता.

हर्षल सरांना हवी होती तशीच रेषा. अगदी देखणी.

अशा देखण्या रेषा मी वेगळ्या काढल्या. सहा हव्या होत्या, सात निघाल्या.

मी स्टूल फिरवलं, तीन महिन्यांनीही माझं स्टूलच होतं, आणि अन्वरच्या खांद्यावर टकटक केलं.

“तुझा पडदा दाखव.”

“वेडी झालीस? सोवळं मोडेल.”

“अन्वर, हे बाळ आजारी पडत नाही.”

“मग बरंय की. पेढे वाट.”

“तीन महिने. एकदाही नाही.”

त्याला स्वतःचा मुलगा होता, पाच वर्षांचा, दर पंधरा दिवसांनी नाक गळणारा. त्यानं आपला पडदा माझ्याकडं वळवला, आणि मी माझा त्याच्याकडं. त्याच दहा ओळी. तोच क्रम. खाली नोराचा तोच हसरा चेहरा, दोघांनीही पुसायचा राहिलेला. सोवळं पाळून दोघांनी एकाच नळाचं पाणी भरलं होतं आणि चव सारखी लागली म्हणून खूश झालो होतो.

अन्वरनं सोलापूरहून आलेला मूळ डेटा उघडला. चौथं केंद्र, सतरा नंबर. दोन वजनं होती. पुढच्या तीन चौकटी कोऱ्या.

“आलीच नाही ती,” अन्वर म्हणाला.

बाकीची सहाही तशीच. कुणी दोन महिने, कुणी तीन महिने केंद्रावर फिरकलंच नव्हतं. आणि आमच्याकडं ती सगळ्यात छान वाढत होती. जी येत होती ती बिचारी आजारी पडत होती, रडत होती, एका महिन्यात घटून पुढच्या महिन्यात भरून निघत होती. न येणाऱ्यांची तब्येत दृष्ट लागण्यासारखी. आमच्या बंद फ्लॅटला वीज कंपनी सरासरी बिल पाठवायची, पण निदान घराला कुलूप आहे असं त्या बिलावर छापलेलं तरी असायचं. स्टॅटोराला तेवढीही लाज नव्हती.

अन्वरनं लॉग उघडला. बोट खाली सरकवत सरकवत एका ओळीवर थांबला. ‘टीप: स्मार्ट पूर्तीने रिकाम्या जागा भरल्या आहेत.’ निळ्या अक्षरात. तीन महिने, दोघांच्याही लॉगमध्ये.

“निळं,” तो म्हणाला.

“तूच सांगितलं होतंस ना मला?”

“सांगणाऱ्यानं वाचायचं असतं, असं कुणी सांगितलं तुला?” तो म्हणाला, पण हसला नाही.

आम्ही दोघं हर्षल सरांकडं गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं. ऐकताना ते लॅपटॉपवर दुसरंच काहीतरी टाइप करत होते, म्हणजे शांतपणे.

“पण तुमच्या दोघांचं जुळलं होतं ना?” त्यांनी विचारलं.

“दोघांनी एकच कोड चिकटवलाय, सर.”

“हे तू क्लायंटसमोर असं बोलणार आहेस का?”

“सर, सात बाळं आहेत. तीन महिने त्यांच्याकडं कुणी गेलेलं नाही. आज यादी दुरुस्त करून पाठवू या.”

“केतकी,” त्यांनी लॅपटॉप मिटला, “मी समजू शकतो. घरी लहान बाळ आहे, या फेजमध्ये बायका जरा… जास्त जोडल्या जातात. पण पाठवलेली यादी अशी बदलता येत नाही. त्याची प्रक्रिया आहे. आधी सॉफ्टवेअरवाल्यांकडं तक्रार टाक. त्यांनी चूक मान्य केली की पुढं बघू.”

“आणि तोवर?”

“तोवर ग्राफ चार ठेव. सहा नको.”

मी तक्रार टाकायला बसले. फॉर्ममध्ये ‘परिणाम’ असा रकाना होता आणि त्यात निवडायला तीनच पर्याय. काम पूर्ण थांबले. काम मंदावले. किरकोळ सूचना. माझं काम थांबलं नव्हतं, मंदावलंही नव्हतं, उलट झकास चाललं होतं. केंद्रावर न आलेलं बाळ त्या तीन पर्यायांत कुठंच बसत नव्हतं. शेवटी ‘किरकोळ सूचना’वर टिचकी मारली, कारण काहीतरी निवडल्याशिवाय तो फॉर्म पुढं सरकत नव्हता.

उत्तर तत्काळ आलं. नोराचंच. ‘संपर्क केल्याबद्दल धन्यवाद, केतकी! हे वैशिष्ट्य अपेक्षेप्रमाणे काम करत आहे. या उत्तरानं तुमची मदत झाली का?’ खाली अंगठे दोन, एक वर, एक खाली. मी खालचा दाबला. ‘क्षमस्व! हा व्हिडिओ पाहा.’ व्हिडिओत अद्वैत होता. जॅकेट तेच.

मी जिन्यात गेले आणि सोलापूरला फोन लावला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं केंद्राशी परस्पर बोलायचं नाही, असा नियम आहे. चांगला नियम आहे, त्यामागची कारणं मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेत.

श्रीलता येमूल सिस्टरांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मागं वजन न करू देणारं एखादं बाळ भोकांड पसरत होतं.

“सिस्टर, पुण्याहून केतकी बोलतेय. चौथ्या केंद्राचं सतरा नंबर. ती येतेय का?”

“सतरा?” त्या थांबल्या. “नाही वो मॅडम. लई दिवस झाले, आलीच नाही ती पोरगी. मला आठवते की. उजव्या कानामागं वाटाण्याएवढा तीळ. काट्यात घातलं की सगळी पोरं रडतात बघा, ही हसायची. काट्याची साखळीच धरून बसायची, सोडायची नाही.”

“मग तुम्ही घरी गेला नाहीत?”

“यादीत नव्हती की.”

“पण ती येत नाही, हे तुम्हाला दिसत होतं ना, सिस्टर?”

“दिसत होतं,” त्या म्हणाल्या. आवाज जरा चढला. “मी फोन केलता तुमच्या सरांना. दोन पोरं येईना झालीत, जाऊन बघू का म्हणून. ते काय म्हणाले, सिस्टर, यादीत नाही म्हणजे प्रश्न नाही, वजनं आहेत आमच्याकडं. मला वाटलं दुसऱ्या केंद्रावर करून घेत असतील. तुमच्याकडं आठ किलो लिहिलंय म्हटल्यावर माझ्या डोळ्याला कोण विचारतं, मॅडम?”

“वजनं नाहीत आमच्याकडं,” मी म्हणाले. “एकही नाही. ते आम्ही भरलेलं आहे.”

“भरलेलं म्हणजे?”

काय सांगणार? “खोटं आहे, सिस्टर. तुम्ही आज जाल का?”

“नंबर सांगा सगळे,” त्या म्हणाल्या. “पदर खोचलाय मी.”

दिवसभर मी फोन उलटा ठेवला नाही. आप्पांचा फोन आला तर चिडून म्हणाले, “आत्ता नको!” आणि मग लगेच परत लावून विचारलं की बकुळ बरी आहे ना. “तुला झालंय काय?” आप्पा म्हणाले. “बरी आहे. माझा चष्मा चावतेय.”

संध्याकाळी सिस्टरांचा फोन आला. पाच बाळं आजोळी किंवा नव्या भाड्याच्या खोलीत सापडली, धडधाकट. सहावं सापडलं, त्याची आई विड्या वळता वळता स्वतःच आजारी पडून तापानं झोपलेली, आणि बाळ धाकट्या मावशीच्या कडेवर. अंगावर मांस नाही. सिस्टरांनी त्याला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. तुमच्याकडं किती लिहिलंय, त्यांनी विचारलं. सात किलो नऊशे, मी म्हणाले. काटा पाच आठशे दाखवतोय, त्या म्हणाल्या. ते वाचेल, डॉक्टर म्हणतात वेळेत आणलंत.

“आणि सतरा?”

“कुलूप हाय मॅडम. मोठं, गंजलेलं. शेजारीण म्हणते, लेकरू आजारी होतं, आई त्याला घेऊन भिवंडीला बहिणीकडं गेली. दोन महिने झाले. बहिणीचा पत्ता कुणाला ठाऊक नाही.”

“आजारी म्हणजे काय?”

“तेच विचारलं मी. शेजारीण म्हणाली, हसायचं बंद झालतं.”

मी नाव विचारलं. “नका विचारू,” सिस्टर म्हणाल्या. “तुम्हाला चालत नाही ते. मलाच वर बोलणी बसतील.”

मी पुन्हा विचारलं नाही. त्यांची नोकरी त्यांना हवी होती, माझी मला.

त्यापुढचं सगळं फार शोभिवंत झालं. यादी दुरुस्त झाली, कारण आता एक बाळ दवाखान्यात होतं आणि दवाखान्यातल्या बाळासाठी प्रक्रिया असते. केंद्राशी थेट बोलल्याबद्दल मला समज मिळाली. शिक्षा म्हणून स्टॅटोराच्याच शिकवणीतला ‘परिणामकारक संवाद’ हा वर्ग पूर्ण करायला लावला. केला. बिल्ला मिळाला. तो अजून माझ्या नावापुढं चमकतो, काढून टाकायची सोय नाही.

पुढच्या वर्षी स्टॅटोराच्या संकेतस्थळावर आमची यशोगाथा आली. ‘पुण्याच्या चमूने स्टॅटोरा नऊच्या मदतीने जोखमीतली बाळे वेळेत शोधली.’ शेजारी हर्षल सरांचा फोटो, हाताची घडी, नजर दूर भविष्याकडं. दहाव्या आवृत्तीत स्मार्ट पूर्ती आता भरण्यापूर्वी विचारते, ‘भरू का?’ उत्तर ‘हो’ असं आधीच निवडलेलं असतं. अन्वर नोकरी सोडून मिरजेला गेला, तिथं मुलांना गणित शिकवतो. मीही ती कंपनी सोडली.

सॉफ्टवेअर मात्र सुटलं नाही, सगळीकडं तेच आहे. मागच्या आठवड्यात आमच्याकडं नव्यानं आलेली एक मुलगी शेजारी बसून सराव करत होती. मदत केंद्रातून तिनं नमुन्याचा डेटा उघडला होता. नाव ‘गोजिरी बाळं’. गावाचं नाव काढलेलं, नंबर बदललेले.

“मॅडम, बघा ना, किती क्यूट ग्राफ आला!”

मी बघितलं. पहिले दोन महिने अडखळत, आणि मग नव्या रस्त्यासारखी गुळगुळीत. आपलं हस्ताक्षर ओळखावं तशी मी ती ओळखली. यशोगाथेबरोबर आमचा भरलेला डेटाही त्यांच्याकडं गेला असणार. कुणीतरी तिला आणखी पुढं नेली होती, दोन वर्षांपर्यंत. तिथं ती अकरा किलोंची आहे. जगभर शिकणारी पोरं तिच्यावर हात बसवतात. ती कधी आजारी पडत नाही.

माझी बकुळ आता आठ वर्षांची आहे. वर्गातली सगळ्यात किडकिडीत, आणि परवाच पुन्हा दीड किलोनं उतरली. मी आप्पांवर ओरडले.

तुम्ही भिवंडीत राहत असाल, किंवा सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायांच्या वस्तीजवळ, तर एवढं करा. आठ वर्षांची मुलगी. आई मूळची सोलापूरची. उजव्या कानामागं वाटाण्याएवढा तीळ. हातात आलेली वस्तू लवकर सोडत नसेल. दिसली तर तिला एकदा कडेवर उचलून बघा. लाजेल, मोठी झाली असेल, तरी उचला. जड लागली तर मला कळवा. हलकी लागली तरी कळवा.

आणि नाही सापडली, तर नाही सापडली असंच सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही भरू नका.